सहा आणि सहा बारा: पैसे सातबाऱ्याला की पेरणाऱ्याला?

औसा_रोड

खात्यावर दोन हजार पडले की आईला मेसेज येतो, आणि मेसेज आला की आईचा मला फोन. "बघ रे, हे दिल्लीचे का मुंबईचे?" दिल्लीचे म्हणजे पीएम किसान, मुंबईचे म्हणजे नमो शेतकरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केंद्राचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाले. राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यावर आपले सहा हजार ठेवले, पहिला हप्ता त्याच वर्षी ऑक्टोबरात शिर्डीतून सोडला. सहा आणि सहा बारा.

आमची औसा तालुक्यात चार एकर काळी जमीन आहे. बाबा गेल्यावर फेरफार होऊन आईच्या नावावर आली. वारसाने आली म्हणून चालते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतली असती तर योजनेत बसली नसती. मी पुण्यात नोकरी करतो, कर भरतो, म्हणून माझं नाव यात येऊच शकत नाही. आई वर्षातले सात-आठ महिने माझ्याकडे असते. जमीन कसतात शेजारचे तात्या, निम्म्या बटईने. बियाणं-खत निम्मं निम्मं, माल निम्मा निम्मा, राबणं पूर्ण त्यांचं. त्यांच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही नाही.

आता मुद्दा. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडे जे पाणी झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सोयाबीन शेंगांनी भरलेलं, आठवड्यात काढायला येणार, आणि रानात गुडघाभर पाणी. तात्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन नुसता शेताकडे धरला. शेंगा झाडावरच उगवल्या होत्या, पांढरे कोंब बाहेर. नंतर मदत आली, कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० च्या दराने. १.६ हेक्टरचे तेरा हजार सहाशे. कोणाच्या खात्यावर? आईच्या. पीएम किसानचे आईच्या, नमोचे आईच्या, नुकसानीचे आईच्या. तात्यांच्या खात्यावर शून्य.

गावाची लाभार्थी यादी सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते. मी बसून वाचली. निदान वीस-बावीस नावं अशी आहेत की त्यांच्या पायाला या पाच वर्षांत चिखल लागलेला नाही. त्यात माझी आई एक.

माझं म्हणणं: आमच्यासारख्यांचे बंद करा आणि जो पेरतो त्याला द्या. तुम्हाला काय वाटतं?

काळी_माती

असहमत. आणि जरा रागानेच लिहितोय, माफ करा.

पुण्यात बसून 'आमचे बंद करा' म्हणायला काही लागत नाही. सरकार तुमचं अर्धंच ऐकेल. बंद करायचं ऐकेल, द्यायचं विसरेल. आजवर कुठल्या योजनेत काढलेला पैसा दुसऱ्या गरीबाच्या ताटात पडलेला पाहिला आहे?

मी निलंगा तालुक्यात पाच एकर कसतो, स्वतःची, स्वतः. बारा हजारांत शेती होत नाही हे मलाही कळतं. डीएपी खताचं पोतं साडेतेराशेला आहे, ते सुद्धा मिळालं तर. पण मिरगाच्या तोंडावर घरात रोकड नसते. त्या वेळी दोन हजार आले की मी ते थेट कृषी सेवा केंद्राच्या उधारीत टाकतो. उधारी फिटत नाही, पण दुकानदाराचं तोंड उघडतं आणि पुढची दोन पोती निघतात. शेतकऱ्याला दोन हजाराची किंमत दोन हजार नसते, वेळेवर आले तर पाच हजार असते. तीनेक टक्के महिना व्याजाने पैसे काढलेला माणूसच हे सांगू शकेल.

तुमच्या तात्यांचं दुःख खरं आहे. त्याचा इलाज माझा हप्ता नाही.

करदाता_क्र_एक

दोघांनाही देऊ नये. स्पष्ट बोलतो.

माहितीच्या अधिकारात जानेवारी २०२१ ला केंद्राने स्वतःच आकडा दिला होता: २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी गेले. त्यात निम्म्याहून जास्त लोक प्राप्तिकर भरणारे! म्हणजे एका हाताने भरायचा आणि दुसऱ्या हाताने घ्यायचा. तमिळनाडूत तर २०२० मध्ये अधिकाऱ्यांचे पासवर्ड वापरून खोटी नावं घुसवली होती, शंभर कोटींच्या वरचा मामला. एक रुपयात पीक विमा काढला तेव्हा लोकांनी देवस्थानच्या आणि सरकारी जमिनींवर विमे उतरवले, शेवटी २०२५ च्या खरिपापासून ती योजनाच गुंडाळावी लागली. शेतीत पैसा टाकायचा तर तलाव, वीज, गोदाम यांत टाका. खात्यात टाकलेला पैसा मतपेटीत उगवतो, रानात नाही.

काळी_माती

क्र. एक साहेब, युरियाचं ४५ किलोचं पोतं मला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, त्याची खरी किंमत कितीतरी पट आहे आणि तो फरक सरकार कारखान्याला देतं. ते कुणाला रेवडी वाटत नाही. कारण ते माझ्या नावाने निघतं पण माझ्या हातात येत नाही. हातात आलं की लगेच डोळ्यांत येतं.

हिशेबनीस

तुम्ही सगळे बारा हजारांवर भांडताय. मी एक पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेब, समोर ठेवतो, माझीच, २०२४ च्या हंगामाची.

चार एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल, एकूण चोवीस. हमीभाव ४,८९२. नाफेडच्या, म्हणजे हमीभावाने सरकारी खरेदीच्या, केंद्रावर गेलो तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून परत. (नंतर, नोव्हेंबरात, पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत दिली, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि दिवाळीला पैसे लागतात.) अडत्याकडे घातलं, भाव लागला ४,०५०. क्विंटलमागे ८४२ रुपये गेले. चोवीस क्विंटलचे वीस हजार दोनशे आठ.

सरकारने बारा दिले, बाजाराने वीस काढून घेतले. वर मातेरं आणि घट म्हणून कापलं ते वेगळंच. आणि आपण वाद घालतोय की हे बारा आईला द्यायचे की तात्याला.

शेतकरी संघटनेची घोषणा होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. आज त्याच लोकांची पोरं मोबाइलवर हप्ता कधी पडणार ते बघत बसतात. मीही बघतो, खोटं कशाला बोलू.

तेव्हा माझं मत: हप्ता बंद करून तोच पैसा भावातल्या फरकापोटी द्या. जो माल घालेल त्याला पैसे. बटईदार माल घालतो, त्याला आपोआप मिळतील. २०२३ च्या खरिपाचे कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार दिलेच होते ना, दोन हेक्टरच्या मर्यादेत.

आडतकट्टा

हिशेबनीस, 'आपोआप' हा शब्द मागे घ्या. मोंढ्यात पट्टी कोणाच्या नावाने फाटते ते मला विचारा. सरकारी खरेदीला सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते. बटईवाला मालकाचा सातबारा घेऊन येतो, पैसे मालकाच्या खात्यात. आणि ते कापूस-सोयाबीनचे पाच हजारही खातेदारालाच गेले.

थंब_लागत_नाही

मी सेवा केंद्र चालवतो. गाव सांगत नाही. धोरण तुम्ही ठरवा, मी फक्त खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

हप्ता पडायच्या आधी आठ दिवस सकाळी सात वाजता शटरसमोर रांग असते. एक म्हातारी गेल्या खेपेला आली. ई-केवायसीला बोट लावायचं. उजव्या हाताचा अंगठा, नाही. डावा, नाही. दहाही बोटं झाली. भांडी, शेण, खुरपं यांत रेषा झिजून गेलेल्या. मी तिला साबणाने हात धुवायला लावले, खोबरेल लावलं, पुसलं, परत. नाही. चेहरा दाखवून करायची सोय आहे, तर तिला मोतीबिंदू झालेला, पापणी मिटायला सांगितली की ती डोकंच खाली घालायची. "हसू नको आजी, नुसती पापणी मिट." सगळी रांग हसली, ती पण. सहाव्या वेळेला झालं. मग कळलं की आधार बँकेला जोडलेलं नाही. मग बँक. बँकेत सांगितलं सोमवारी या. ती सोमवारी गेली तर सुट्टी.

आणि इकडे ज्यांची बोटं मऊ आहेत त्यांचं एका झटक्यात होतं.

धागाकर्त्याला सांगायचं तर यंत्राला पेरणारा ओळखता येत नाही, रेषा ओळखता येतात. आता फार्मर आयडी आला आहे. त्यात आधार आणि सातबारा जोडला जातो. पुन्हा सातबाराच.

परसदार

मी मुद्दाम थांबले होते, कोणी बाईच्या बाजूने बोलतंय का ते बघायला. नाही.

औसा_रोड, तुमच्या आईंचे बंद करायची शिफारस करताना त्यांना विचारलंत का? आयुष्यभर त्या रानात राबल्या असतील. खुरपणी, वेचणी, भाकरी घेऊन जाणं. तेव्हा सातबारा नवऱ्याच्या नावावर, पट्टी नवऱ्याच्या हातात. नवरा गेल्यावर पहिल्यांदा त्यांच्या नावाने सरकारकडून काही येतंय, आणि मुलगा म्हणतो ह्यांच्या पायाला चिखल नाही! पाच वर्षं नाही, त्याआधीची चाळीस वर्षं कोण मोजणार?

लाडक्या बहिणीचं माहीत आहे ना? महिना दीड हजार. पण जिच्या नावावर शेती आहे आणि जिला हे बारा हजार मिळतात तिला फक्त पाचशे, कारण महिन्याचे हजार तिला 'आधीच मिळतात'. म्हणजे शेतजमीन नावावर असलेल्या बाईला शेतकरी म्हणून काहीही जास्तीचं मिळत नाही, तेच दीड हजार दोन खिशांतून. माझ्या जावेचं असंच झालं. तिच्या नावावर एकर आहे, माझ्या नावावर काही नाही, दोघींना सारखेच. वर नियम असा की नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब. नवऱ्याचं आणि बायकोचं वेगळं खातं असलं तरी हप्ता एकालाच. तो 'एक' कोण असतो ते सांगायला नको.

करदाता_क्र_एक

भावनेने तिजोरी चालत नाही ताई. एका राज्यात नव्वद लाखांच्या आसपास लाभार्थी आहेत, नुसत्या राज्याच्या सहा हजारांनी गुणून बघा.

परसदार

गुणलं. चोपन्नशे कोटी. आता माझ्या जावेच्या बारा हजारांना ३६५ ने भागा. तेहतीस रुपयेही होत नाहीत दिवसाचे. तुमच्या ऑफिसखालचा चहा-वडापाव.

औसा_रोड

परसदार ताई, लागलं. आईला विचारलं नव्हतं हे कबूल. आज विचारलं. ती म्हणाली, "माझे बंद करायला निघालास होय? मग मी दर महिन्याला तुझ्यापुढं हात पसरू का?" पुढे काही बोलता आलं नाही.

एक राहिलं. नुकसानीचे तेरा हजार सहाशे आले तेव्हा आईने तात्यांना निम्मे दिले, मी न सांगता.

काळी_माती

निम्मे का?

औसा_रोड

म्हणजे? बटई निम्मी आहे म्हणून.

काळी_माती

बियाणं निम्मं तुमचं, खत निम्मं तुमचं. ते गेलं, मान्य. पण पेरणी, दोन कोळपण्या, फवारणी, त्यात बायकोचं खुरपण, ही मजुरी कोणाची गेली? सगळी तात्याची. नुकसान निम्मं नव्हतं, मदत मात्र निम्मी. मी तुमच्या आईला दोष देत नाही, आमच्या गावात बरेच जण रुपयाही देत नाहीत. पण तुम्ही 'पेरणाऱ्याला द्या' म्हणत धागा काढलाय म्हणून विचारलं.

फेरफार

(महसुली कामं बघतो, म्हणून आयडी.)

'जो पेरतो त्याला द्या' हे वाक्य या राज्यात पहिल्यांदा बोललं गेलेलं नाही. 'कसेल त्याची जमीन' हे ऐकून आपल्या आजोबांची झोप उडाली होती. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या तारखेला कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. मराठवाडा निजामाकडे होता म्हणून आपल्याकडे वेगळा कायदा, हैदराबादचा १९५० चा. तो आजही वापरात आहे, नुसता इतिहास नाही.

त्याचा परिणाम असा की जमीनमालक आजही बटईचा कागद करत नाही. तोंडी. तेही एकाच माणसाला सलग फार वर्षं देत नाहीत, दोन-तीन वर्षांनी बदलतात, की त्याचा हक्क लागू नये. पीक पाहणीत त्याचं नाव येणार नाही याची काळजी घेतात. तुम्ही उद्या नियम केलात की 'बटईदाराला बारा हजार, फक्त मालकाने लिहून द्यावं', तर लिहून कोणी देणार नाही. उलट आज ज्या बटईदारांकडे जमीन आहे त्यांचीही काढून घेतील. २०१६ ला निती आयोगाने नमुना कायदा करून ठेवला आहे, भाडेपट्टा लिहावा पण मालकी जाणार नाही असा. कागदावर छान आहे. पण तीन पिढ्यांची भीती नमुना कायद्याने जात नाही.

ई-पीक पाहणीने, म्हणजे मोबाइलवरच्या पिकाच्या नोंदीने, कसणारा सापडेल असं इथे कोणीतरी लिहिणारच आहे, म्हणून आधीच सांगतो: त्यातही खातं मालकाचंच निवडायचं असतं.

औसा_रोड

अगदी. आमच्या रानाची ई-पीक पाहणी तात्याच करतात, आईचं खातं उघडून, त्यांच्या फोनवर. गेल्या खरिपाचा फोटो मी पाहिला आहे. सोयाबीनच्या कोपऱ्यात तात्यांचं बोट आलंय. नाव आईचं.

आयोवाकर

अमेरिकेतून लिहितोय, आयोवा राज्यातली स्टोरी काउंटी. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. मी शेतकरी नाही, पण माझा घरमालक मका-सोयाबीनवाला आहे आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाच वाद ऐकतो, फक्त शून्यं जास्त.

इथे शेती खात्याचं एक कार्यालय जवळपास प्रत्येक शेतीच्या काउंटीत असतं आणि त्यावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. भाव किंवा उत्पन्न पडलं तर त्या कार्यालयामार्फत पैसे येतात. तुमच्या कामाचा नियम असा: जमीन रोख खंडाने दिली असेल तर पैसे कसणाऱ्याला, कारण धोका त्याचा. वाट्याने दिली असेल, म्हणजे आपली बटई, तर दोघांना वाट्याच्या प्रमाणात. आयोवात निम्म्याहून जास्त जमीन अशी दुसऱ्याकडे दिलेली आहे, त्यामुळे हा नियम रोजचा आहे. काळी_माती यांनी विचारलेलं 'निम्मे का' इथे फॉर्मवर लिहिलेलं असतं.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. कसणाऱ्याला पैसे मिळतात हे जमीनमालकालाही माहीत असतं. पुढच्या वर्षी तो खंड वाढवतो. माझा घरमालक म्हणतो, "चेक माझ्या नावाने येतो आणि फ्लोरिडाला जातो." तिथे त्याच्या जमिनीच्या मालकीणबाई राहतात.

आणखी दोन गोष्टी. इथेही पेरा वा पेरू नका, जुन्या नोंदीतल्या एकरांवर थेट पैसे देणारी योजना होती. ती २०१४ च्या शेती कायद्याने बंद केली, कारण न पेरणाऱ्यांनाही चेक जातात हे वर्तमानपत्रांनी सतत छापलं. मात्र पैसे थांबले नाहीत, दुसऱ्या नावाने सुरू राहिले. २०१९ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध चालू होतं तेव्हा मदतीचे दर काउंटीप्रमाणे ठरवले, एकरी १५ ते १५० डॉलर. रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी, पलीकडे दुसरी, दर वेगळा. चर्चमध्ये लोक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. अशा पैशांवर मर्यादा माणशी असते, एरवी वर्षाला सव्वा लाख डॉलर होती (२०२५ च्या कायद्याने वाढवली). त्यावर उपाय म्हणजे भागीदारीत माणसं वाढवायची. २०१८ च्या कायद्याने त्या 'कुटुंबात' चुलत भाऊ, पुतणे, भाचेही घेतले. आपल्याकडे हप्त्यासाठी रेशनकार्ड फोडतात, इथे कुटुंब जोडतात.

काळी_माती

सव्वा लाख डॉलर! आणि आमच्या सोयाबीनचा भाव तुमच्या शिकागोच्या बाजाराकडे बघून पडतो. तुमच्या घरमालकाला सांगा, त्याच्या चेकमधला एक कोपरा निलंग्यातून जातो.

आयोवाकर

सांगितलं. तो म्हणाला ब्राझीलला दोष द्या.

सीमेवरचा

देगलूरचा आहे, बहीण तेलंगणात दिली आहे. तिकडे मे २०१८ पासून रयतु बंधू, एकरी चार हजार प्रत्येक हंगामाला, नंतर पाच केले. एकरावर, कुटुंबावर नाही, आणि वर मर्यादा नाही. दाजींच्या गावातल्या चाळीस एकरवाल्याला दोन्ही हंगाम मिळून चार लाख. आणि कौलाने, म्हणजे खंडाने, करणाऱ्याला काहीच नाही, तिथेही. सरकार बदललं, नाव बदललं, आता एकरी सहा. आपली योजना कितीही शिव्या द्या, चार एकराला सहा आणि चाळीस एकरालाही सहा, हे तरी बरं आहे.

ओडिशाने मात्र २०१८ च्या शेवटी कालिया नावाची योजना काढली, त्यात भूमिहीन आणि वाटेकरी घेतले होते. म्हणजे करायचं म्हटलं तर यादी बनते.

हिशेबनीस

आधी 'आपोआप' शब्द मागे घेतो, आडतकट्टा म्हणतात ते खरं. पण सीमेवरचा, दोन एकर कोरडवाहू आणि चाळीस एकर बागाईत यांना सारखेच सहा, हे 'बरं' कसं? आधी दोन हेक्टरपर्यंतच्यांनाच होती योजना. २०१९ ची निवडणूक झाली आणि मर्यादा काढून टाकली. सहा हजार होते ते मात्र सहाच राहिले. २०१९ ची डिझेलची किंमत आठवते का कोणाला?

करदाता_क्र_एक

म्हणजे शेवटी सगळ्यांना जास्तच हवेत.

थंब_लागत_नाही

साहेब, तुम्हाला पण एक दिवस माझ्या शटरसमोर उभं करतो. बोट मऊ आहे तुमचं, पटकन होईल.

फेरफार

औसा_रोड, कायद्याची वाट न बघता एक करता येईल. आईंच्या खात्यावर जे काही त्या रानाच्या नावाने येतं, त्याची वाटणी तुम्ही घरात ठरवा. सरकारी कागद लागत नाही. साध्या वहीत लिहा: नुकसान भरपाई आली तर इतकी त्यांची, विमा आला तर इतका. कुळाचा हक्क लागू नये एवढीच भीती असेल तर माझ्या मते नुसत्या पैशाच्या वाटणीच्या वहीने तो लागू नये. फक्त 'खंड' आणि 'ताबा' हे शब्द त्यात आणू नका.

औसा_रोड

शनिवार-रविवार गावी जाऊन आलो, म्हणून उशीर.

तात्यांना धाग्यातलं सगळं सांगितलं, आयोवासकट. ते गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होते. फेरफार यांनी सुचवलेली वही मी पुण्यातूनच घेऊन गेलो होतो, लाल कापडी पाठीची, पहिल्या पानावर श्री लिहून. तात्यांनी ती हातात घेतली, उघडली नाही, पाटावर ठेवली.

म्हणाले, "नावबिव कुठं लिहू नको. उद्या तुझा चुलता ही वही बघंल आणि आईला म्हणंल तात्याचा हक्क लागायलाय, जमीन काढून घे. मग मी कुठं जाऊ? दुसरी चार एकर हाय का कुणाकडं?"

मी म्हटलं, मग हप्त्यातले निम्मे तरी घ्या.

"तुझ्या आईचे नको. त्या बाईनं लई केलंय त्या रानात, तुला काय ठावं." मग थोड्या वेळाने: "दोन डीएपी मिरगाच्या आधी आणून टाक. हप्ता पडल्यावर नको, आधी. हप्ता पडतो तवर दुकानात माल ऱ्हात नाही."

आई ओट्यावरून ऐकत होती. तिने वही उचलून आत नेली. परवा फोन केला तेव्हा कळलं, पहिल्या पानावर तिने दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली आहे.